घटना नको म्हणणारे कोण होते?

 स्मरणिका समितीच्या मंडळींनी सांगितले, "तुम्ही वाचता, तर काहीतरी इतिहासाचं लिहा." आम्ही काही प्रोफेसर नाही. मॅट्रिकच्या पुढे शाळेचे तोंड पाहिले नाही. गिरणीत रातपाळी करून आल्यावर जे काही वाचले, तेवढीच आमची शिदोरी. बाबासाहेबांचे जे खंड शासनाने छापले, त्यातला तेरावा खंड घटनेच्या कामाचा आहे. तो इंग्रजीत आहे. डिक्शनरी मांडीवर ठेवून तो आम्ही दोन पावसाळ्यांत संपवला. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. मागे एका संविधान दिनाला, २६ नोव्हेंबरला, आपल्या विहारात उद्देशिकेचे सामुदायिक वाचन झाले. त्रिशरण-पंचशील झाले, भाषणे झाली, खीर वाटली. तेवढ्यात अकोल्याला इंजिनिअरिंगला शिकणारा आपल्याच वस्तीतला एक पोरगा उभा राहिला. म्हणाला, "काका, घटना लोकांनी मंजूर केली म्हणता, मंग मतदान कवा झालं होतं? अन् बाबासाहेब सोताच म्हणाले होते ना, मी घटना जाळीन म्हणून? मोबाईलवर येते तसं."

सभेत कुजबुज झाली. एका ज्येष्ठाने त्याला दटावून खाली बसवले. पोरगा बसला; पण पुढच्या पौर्णिमेला काही तो विहारात आला नाही. आम्हाला ते फार लागले. कालामांना तथागतांनी काय सांगितले होते? ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ज्या धम्मात बुद्धाच्या वचनालाही पारखण्याची मोकळीक आहे, त्या धम्माच्या विहारात घटनेबद्दल प्रश्न विचारला म्हणून पोराला खाली बसवायचे, हे काही बरोबर नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे, उशिरा दिलेले.

घटनासमिती कशी झाली

पहिली गोष्ट कबूल करू. घटनेवर लोकांचे मतदान झाले नाही. ज्या घटनासमितीने ती मंजूर केली, ती समितीही सगळ्या लोकांनी निवडलेली नव्हती. १९४६ साली प्रांतांच्या कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या आणि त्या आमदारांनी घटनासमितीचे सभासद निवडले. त्या निवडणुकीत मताचा हक्क कोणाला? १९३५ च्या कायद्याप्रमाणे ज्याच्याकडे जमीन, शेतसारा, कर किंवा शिक्षण, त्याला. प्रांतांतल्या प्रौढ माणसांपैकी सुमारे २८ टक्क्यांनाच मत होते. म्हणजे शंभरातली सत्तर-बाहत्तर माणसे बाहेर. त्यात आपल्या वाड्यातली किती असतील, हे सांगायला नको. आमच्या आज्याला १९४६ साली मत नव्हते. त्याच्या नावावर ना जमीन, ना पाटी-पुस्तक. संस्थानांतले बरेच सभासद तर राजांनी पाठवलेले.

खुद्द बाबासाहेबांना त्या समितीत शिरायला किती यातायात पडली! शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निवडणुकीत पडली होती. मुंबई प्रांतातून दार बंद झाले, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने ते बंगालमधून निवडून आले. फाळणीत ती जागा गेली. मग बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर जुलै १९४७ मध्ये मुंबईतून काँग्रेसच्या पाठिंब्याने पुन्हा आले. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा तयार झाला. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी तो सभागृहापुढे मांडला, आणि विरोधाला तोंड त्याच दिवशी फुटले.

"लोकांपुढे न्या, मग मंजूर करा"

पहिला आक्षेप नेमका आपल्या पोराचाच होता. त्याच दिवशी मौलाना हसरत मोहानी उठले. त्यांचे म्हणणे असे, की ही समिती जुन्या, विभक्त मतदारसंघांच्या निवडणुकीतून आली आहे. तिला हा अधिकार नाही. संयुक्त मतदारसंघातून नवी समिती निवडा, तोवर मसुदा बाजूला ठेवा. संयुक्त प्रांतातले समाजवादी दामोदर स्वरूप सेठ यांनीही हीच मागणी लावून धरली. प्रौढ मताधिकाराने नवी समिती निवडा, ही विसर्जित करा, असे ते म्हणाले.

आता तिसरे नाव ऐका. दाक्षायणी वेलायुधन. केरळातल्या पुलय समाजातल्या. पदवी घेणारी देशातली पहिली दलित बाई आणि त्या अख्ख्या घटनासमितीतली एकुलती एक दलित बाई. मसुद्याचे कौतुक करून झाल्यावर त्यांनी दोन बोल लावले. एक, यात सगळी सत्ता दिल्लीत गोळा होते आहे. दुसरा, घटना तयार झाल्यावर सार्वत्रिक निवडणुकीतून तिच्यावर लोकांचे शिक्कामोर्तब घ्या. म्हणजे ज्या पोराला आपण दटावले, त्याचा प्रश्न नोव्हेंबर १९४८ मध्ये आपल्यातल्याच एका लेकीने भर सभेत विचारला होता. आणि तिथे तिला कोणी खाली बसवले नव्हते.

ही मागणी जगावेगळी नव्हती. फ्रान्स देशाने १९४६ साली नवी घटना लिहिली आणि मे महिन्यात लोकांच्या मताला टाकली. लोकांनी ती चक्क नापास केली. पुन्हा नवी समिती बसली, दुसरी घटना लिहिली, ती ऑक्टोबरात पास झाली. अमेरिकेत १७८७ ला घटना लिहून झाल्यावर एकेका राज्यात सभा घेऊन मंजुरी घेतली. तिथे विरोधकांनी इतकी ओरड केली, की नागरिकांचे मूलभूत हक्क १७९१ साली घटनेला जोडावे लागले. म्हणजे विरोध केला म्हणून घटनेचे नुकसानच होते असे नाही. विरोधाने घटना सुधारते सुद्धा.

मग आपल्याकडे मतदान का घेतले नाही? अडचणी खऱ्या होत्या. फाळणीचे निर्वासित रस्त्यावर होते, पाचशेच्या वर संस्थाने नुकती सामील होत होती, प्रौढ मतदारांच्या याद्या तयार व्हायच्या होत्या. शंभरात अठराच्या आसपास माणसे लिहिता-वाचता येणारी. पण आम्हाला विचाराल, तर याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे.

कल्पना करा. १९४९ सालचे वाशिमकडचे एखादे गाव. त्या वेळी आपला भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशिम जिल्हा १९०५ साली मोडला, तो परत १ जुलै १९९८ ला झाला. गावात वरचा पाणवठा वेगळा, खालचा वेगळा. आपली माणसे बलुत्यावर आणि पाटलाच्या मर्जीवर. अशा गावात चावडीवर मतदान ठेवले असते, की "अस्पृश्यता गुन्हा ठरवायची का?", तर काय निकाल लागला असता? अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम सभागृहात २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर झाले, तेही महात्मा गांधींच्या जयजयकारात. गावच्या चावडीवर तसा जयजयकार झाला असता, असे छातीवर हात ठेवून आम्ही तरी म्हणू शकत नाही. दुर्बळाचा माणूसपणाचा हक्क बहुसंख्येच्या मर्जीवर टांगून ठेवता येत नाही. तो आधी लिहून घ्यावा लागतो आणि मग मत मागावे लागते.

आणि मत मागितले गेलेच. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींच्या वर मतदार होते. जात, जमीन, शिक्षण काही न विचारता प्रत्येक प्रौढाला एक मत. आमचा आजा त्या वेळी पहिल्यांदा मत टाकायला गेला. तो सांगायचा, की पाटील त्याच रांगेत उभा होता, आणि दोघांच्याही बोटाला एकच शाई लागली. दाक्षायणीबाईंची मागणी शब्दशः मान्य झाली नाही, हे खरे. पण आज्याच्या बोटाची शाई ही आमच्या हिशेबाने त्या घटनेवरची त्याची सही होती.

गाव की माणूस?

दुसरा मोठा आक्षेप गांधीवाद्यांचा. ते म्हणाले, मसुद्यात ग्रामपंचायतीचा पत्ताच नाही. भारताचा आत्मा खेड्यात, आणि घटना उभी दिल्लीपासून. बाबासाहेबांनी मसुदा मांडतानाच गावगाड्याबद्दल कडक शब्द वापरले होते. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे ते डबके आहे, अशा अर्थाचे ते बोलले; आणि मसुद्याने गाव टाकून माणूस हा घटक धरला याचा आपल्याला आनंद वाटतो, असेही म्हणाले. यावर सभागृहात मोहोळ उठले. आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले ह. वि. कामत यांनी, ही शहरी शहाण्यांची वृत्ती आहे, असा टोला हाणला.

आम्ही खेड्यात जन्मलो. आमच्या बापाने गाव सोडले आणि अकोल्याला गिरणीत लागला. त्याला आम्ही एकदा विचारले, "बा, गाव काहून सोडलं?" तो म्हणाला, "गिरणीत भोंगा वाजला की सुटी होते. गावात भोंगाच नव्हता." महारकीला वेळ नव्हती, पगार नव्हता, नाही म्हणायची सोय नव्हती. ज्याने गाव खालच्या पाणवठ्यावरून पाहिले, त्याला बाबासाहेबांचे शब्द कडक वाटत नाहीत.

तरी पण विरोधकांचे सगळेच चूक होते असे नाही. त्यांच्या आग्रहामुळे नोव्हेंबर १९४८ मध्येच ग्रामपंचायतीचे कलम, आजचे चाळिसावे, मार्गदर्शक तत्त्वांत आले, आणि बाबासाहेबांनी ते मान्य केले. पुढे १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींना घटनेचे बळ मिळाले, पण आरक्षणासकट. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, स्त्रियांना किमान एक तृतीयांश. महाराष्ट्रात तर पुढे स्त्रियांना निम्म्या. आज आपल्या वस्तीतली बाई सरपंचाच्या खुर्चीवर बसते, ती दोघांच्या भांडणातून बसली आहे. पंचायत गांधीवाद्यांनी मागितली आणि तिच्यात आपली खुर्ची बाबासाहेबांच्या विचाराने ठेवली.

वीणा, बँड आणि मनू

तिसरा आक्षेप, घटना परदेशी आहे. म्हैसूरचे के. हनुमंतय्या म्हणाले, आम्हाला वीणा-सतारीचे संगीत पाहिजे होते, आणि इथे तर इंग्रजी बँड वाजतो आहे. ओरिसाचे लक्ष्मीनारायण साहू म्हणाले, या घटनेतल्या आदर्शांचा भारताच्या मूळ वृत्तीशी संबंध दिसत नाही. अनेकांनी १९३५ च्या इंग्रजी कायद्याची नक्कल म्हणून नाक मुरडले. कामतांनी उद्देशिका देवाच्या नावाने सुरू करावी अशी सूचना ऑक्टोबर १९४९ मध्ये मांडली. तिच्यावर मते मोजली गेली, ४१ विरुद्ध ६८. सूचना पडली, आणि घटना "आम्ही भारताचे लोक" या शब्दांनीच सुरू झाली.

सभागृहाबाहेर तर याहून पुढची बोली होती. घटना मंजूर होऊन चार दिवस झाले नाहीत, तोच ३० नोव्हेंबर १९४९ च्या 'ऑर्गनायझर' या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचाराच्या साप्ताहिकाने संपादकीयात तक्रार केली, की या घटनेत प्राचीन भारताचे काहीच नाही आणि मनूच्या कायद्याची घटनापंडितांना किंमत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी मनुस्मृती जाळली, तिचीच आठवण बावीस वर्षांनी यांना होत होती. तेव्हा 'परदेशी' म्हणणाऱ्याला आपण एकच प्रश्न विचारावा, "देशी म्हणजे कोणतं, बाप्पा?"

बाबासाहेबांनी दोन्हींना उत्तर दिले. नकलेबद्दल ते म्हणाले, की घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मालकी नसते. उसने घेण्यात लाज कसली? आणि लोकशाही परदेशी आहे म्हणणाऱ्यांना २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी भिक्खू संघ दाखवला. संघात ठराव मांडायचे नियम होते, सभेला किमान किती भिक्खू हजर पाहिजेत याचा नियम होता, मते मोजायची रीत होती, गुप्त मतदानाची सुद्धा सोय होती. विनयपिटकात शलाका म्हणून जे येते, ते म्हणजे मत देण्याच्या काड्या. त्या वाटायला आणि गोळा करायला संघ एक भिक्खू नेमत असे. ही लोकशाही भारतात होती, मधल्या काळात हरवली.

हे वाचताना आमची छाती फुगली, कारण हा इतिहास आपल्या पायाखालचा आहे. आपले वाशिम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. पाचव्या शतकात इथल्या हरिषेण राजाच्या काळी त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्खू संघासाठी खोदवले. ज्या विहारात भिक्खू बसले, त्या विहाराच्या कारभाराची रीत विनयाची होती, आणि त्याचा दाता वत्सगुल्माचा. तेव्हा बाबासाहेबांनी वाजवलेला बँड नव्हता. आपल्याच मातीतली, पण गाडलेली वीणा त्यांनी उकरून काढली, आणि तिला नव्या तारा बाहेरून आणून बसवल्या.

याच चर्चेत नागपूरचे हे. जा. खांडेकर उठले. ते आपल्याच समाजाचे, पण काँग्रेसचे. राजकारणात ते आणि बाबासाहेब समोरासमोर. फेडरेशनच्या माणसांचे त्यांच्याशी पटत नसे. पण नोव्हेंबर १९४९ मध्ये तेच खांडेकर सभागृहात अभिमानाने म्हणाले, की मनूचा कायदा गेला आणि आता हा 'महार लॉ' आला आहे. राजकारणातला विरोधक असे बोलतो, तेव्हा त्याला मोल जास्त असते.

आम्ही कामगार आणि आमचा आक्षेप

आता जो आक्षेप आम्हाला स्वतःला टोचतो, तो सांगतो. बाबासाहेब २५ नोव्हेंबरला म्हणाले, की या घटनेचा धिक्कार मुख्यतः दोन बाजूंनी होतो, एक कम्युनिस्ट आणि दुसरे सोशॅलिस्ट. कम्युनिस्टांना कामगारांची हुकूमशाही पाहिजे आणि ही घटना संसदीय लोकशाहीची आहे. सोशॅलिस्टांना भरपाई न देता कारखाने, जमिनी ताब्यात घ्यायची मुभा पाहिजे, आणि मूलभूत हक्क बिनशर्त पाहिजेत.

सभागृहात अर्थशास्त्राचे जाणकार प्रा. के. टी. शहा बसले होते. उद्देशातच समाजवाद यावा असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. मार्गदर्शक तत्त्वांबद्दल ते म्हणाले, की हा बँकेवरचा असा चेक आहे, जो बँकेला सवड होईल तेव्हाच वटायचा. कामगाराला पोटापुरती मजुरी, काम, म्हातारपणी मदत, हे सगळे त्याच तत्त्वांत. आणि सदतिसावे कलम सांगते, की ती तत्त्वे कोर्टातून वसूल करता येणार नाहीत.

हा चेक आम्ही स्वतः बँकेत नेऊन पाहिला आहे. ज्या सूतगिरणीत आम्ही रिंगफ्रेमवर अठरा वर्षे काढली, ती एक दिवस बंद पडली. सकाळची पाळी गेली तर फाटकाला कुलूप. चार महिन्यांचा पगार थकलेला. आम्ही पाच-सहा जण एका वकिलाकडे गेलो. आमच्या खिशात घटनेची छोटी प्रत होती. त्रेचाळिसावे कलम काढून दाखवले, म्हटले, "साहेब, इथं निर्वाहाच्या मजुरीचं लिहिलं आहे." वकील भला माणूस होता. त्याने पुस्तक मागे घेतले, सदतिसावे कलम काढले आणि बोट ठेवले. "हे वाचा आधी," म्हणाला. आम्ही वाचले आणि गप्प बसलो. थकलेला पगार पुढे कामगार कायद्याने थोडाथोडा मिळाला, घटनेच्या कलमाने नाही. त्या दिवशी के. टी. शहा आम्हाला कळले.

मग कम्युनिस्ट बरोबर होते का? आम्ही लाल बावट्याच्या युनियनमध्येही राहिलो आहोत, म्हणून हे द्वेषाने बोलत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध बाबासाहेब आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला होता. म्हणजे कामगारांच्या हितासाठी हात मिळवायला बाबासाहेब कधी मागे नव्हते. मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास कमी करायचा पाठपुरावा केला, आणि १९४६ साली कायद्याने आठवड्याचे ५४ तास ४८ झाले. पण एक गोष्ट ते विसरले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे महाराला घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि महाराचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. कामगारांचे राज्य आले असते तरी तो धोटा कोणी शिवू दिला असता? म्हणून आधी माणूस, मग कामगार. घटनेने माणूसपणाचे हक्क कोर्टात वसूल होतील असे लिहिले आणि कामगारपणाचे उधार ठेवले. पहिल्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. दुसऱ्याबद्दल आमची तक्रार आहे, आणि ती आम्ही लपवत नाही.

कामतांचा इशारा

चौथा आक्षेप आणीबाणीचा. कामतांची देवाची सूचना आम्हाला पटत नाही. पण ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी जे सांगितले, त्याला मानाचा जयभीम घातला पाहिजे. आणीबाणीत नागरिकांचे हक्क गोठवायचा अधिकार सरकारला देणारी कलमे चर्चेला आली, तेव्हा ते जर्मनीचे उदाहरण देऊन म्हणाले, की तिथल्या घटनेतही असेच कलम होते आणि हिटलर त्याच दारातून आला. कलमे मंजूर झाली तो दिवस त्यांनी शरमेचा दिवस म्हटला. विनाचौकशी स्थानबद्धतेच्या बाविसाव्या कलमावरही सभागृहात अशीच टीका झाली.

पंचवीस वर्षांनी काय झाले? मे १९७४ च्या रेल्वे संपात हजारो कामगार आत गेले. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली. आम्ही तेव्हा पाळण्यातून नुकते उतरलो होतो, पण युनियनची जुनी माणसे त्या दिवसांचे सांगताना अजून आवाज खाली घेतात. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मग ते दार थोडे बंद केले. 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून सशस्त्र बंड हे कारण घातले, आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही असे ठरवले. कामतांचा आक्षेप एकोणतीस वर्षांनी अर्धा मान्य झाला. त्या वेळी सभागृहाने थोडे ऐकले असते, तर?

बाबासाहेब स्वतः काय म्हणाले?

आता पोराच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. हो, बाबासाहेब तसे बोलले होते. २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत, आंध्र राज्याच्या बिलावर बोलताना, अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा मुद्दा निघाला आणि ते संतापाने म्हणाले, की ही घटना जाळायला मीच पहिला पुढे होईन. मोबाईलवर तेवढेच वाक्य फिरते. पुढची गोष्ट फिरत नाही. १९ मार्च १९५५ ला त्याच राज्यसभेत त्यांना याचा जाब विचारला गेला. त्यांनी खुलासा केला, की देवासाठी देऊळ बांधले, आणि देव बसायच्या आधीच त्यात असुर येऊन बसले, तर देऊळ पाडण्याशिवाय काय इलाज? राग देवळावर नव्हता, आत शिरलेल्यांवर होता. मालमत्तेच्या भरपाईच्या एकतिसाव्या कलमाची जबाबदारी आपली किंवा मसुदा समितीची नाही, हेही त्यांनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितले.

मुळात १९४७ साली बाबासाहेबांनी फेडरेशनतर्फे जे निवेदन दिले, त्यात शेती आणि मोठे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि ते घटनेतच लिहावे, अशी मागणी होती. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघाचीही मागणी होती. यातले काहीच घटनेत आले नाही. म्हणजे घटना जशीच्या तशी त्यांच्या मनासारखी झाली, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस, ७६३५ सूचना दाखल, त्यातल्या २४७३ प्रत्यक्ष मांडलेल्या, आणि त्यांवर उभे राहून उत्तरे. तब्येत ढासळलेली. तरी त्या माणसाने स्वतःच्या मनासारखी नसलेली कलमे सुद्धा सभागृहाची म्हणून निभावून नेली. लोकशाही म्हणतात ती हीच. आपलेच खरे झाले पाहिजे असा हट्ट नाही, आणि आपले म्हणणे सोडलेही नाही.

आणि शेवटच्या भाषणात त्यांनीच सर्वांत मोठा आक्षेप नोंदवला. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतो आहोत, असे ते म्हणाले. राजकारणात समता असेल आणि समाजात, पैशाअडक्यात विषमता असेल. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर ज्यांना तिची झळ बसते ते लोकशाहीची ही इमारतच उडवून देतील. विभूतिपूजेबद्दलही त्यांनी बजावले. घटना कितीही चांगली असो, राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, हेही सांगून ठेवले.

शेवटचे दोन शब्द

आजही अधूनमधून 'नवी घटना पाहिजे' अशी हाळी येते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या अध्यक्षांनीच तसा लेख लिहिला होता; परिषदेने मग ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचे सांगितले. अशी हाळी आली की आपण मोर्चा काढतो. काढलाच पाहिजे. पण मोर्च्यातल्या किती जणांनी घटना उघडून पाहिली आहे? आपल्या घरोघरी ती लाल कापडात बांधून, तसबिरीशेजारी ठेवली आहे. आपण तिला फुले वाहतो. पोथीला फुले वाहतात, बंधूंनो. घटनेची पाने उलटायची असतात.

आम्ही नवी घटना मागणाऱ्याला एवढेच विचारू: हसरत मोहानी, दामोदर स्वरूप सेठ, दाक्षायणीबाई, कामत, शहा, यांच्यासारखा उघड्या सभागृहात, नावानिशी, मुद्द्याने विरोध करायची तुमची तयारी आहे का? आणि जिथे तुमच्याविरुद्ध दाक्षायणीबाईसारखी एकटी दलित बाई उभी राहील, तिला पूर्ण बोलू द्याल का? द्याल तर बसू. कारण आपला आजा १९४६ ला मतदारयादीच्या बाहेर होता, आणि आता आपण बाहेर नाही.

आणि आपल्या मंडळींना एक विनंती. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विहारात एक कलम वाचावे. त्याच्या बाजूने कोण बोलले, विरोधात कोण बोलले, आज ते आपल्या वस्तीत लागू आहे का, तिन्ही गोष्टी बोलाव्यात. सुरुवात सदतिसाव्या कलमाने करावी, असे आम्हाला वाटते. त्या पोराच्या घरी आम्ही मागच्या आठवड्यात जाऊन आलो. म्हटले, "बाप्पा, तुह्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर लिहून आणलं आहे. चुकलं असंल तर सांग." त्याने कागद ठेवून घेतला. म्हणाला, "वाचतो, मंग भांडू."

भांडणाला तो विहारात आला म्हणजे आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम! जय संविधान!